हिरव्या पडद्यासमोर हिरवा चुडा : कम्पोझिटिंगमधील कडांविषयी

पडद्यामागे

गेले तीन आठवडे मी एका मराठी लघुपटातील चार सेकंदांच्या एका शॉटच्या कम्पोझिटिंगवर, म्हणजे वेगवेगळी चित्रणे जोडून एक दृश्य करण्यावर, काम करीत आहे. नववधू अंगणात उभी आहे, ती उजवा हात वर नेऊन कपाळाशी आडवा धरते आणि दूर समुद्राकडे पाहते, एवढाच तो शॉट. अभिनेत्री पुण्यातील एका स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभी होती आणि समुद्राची प्लेट, म्हणजे जोडणीसाठीचे मूळ चित्रण, दोन महिने आधी गुहागरच्या किनाऱ्यावर घेतलेली होती. सेकंदाला २४ या हिशेबाने एकूण ९६ फ्रेम होतात, आणि त्यांतील प्रत्येक फ्रेममध्ये तिच्या मनगटात हिरव्या काचेचा चुडा आहे. या कामातून जे शिकायला मिळाले ते इतरांच्याही उपयोगी पडावे आणि माझे जे चुकले असेल ते जाणकारांनी दाखवावे, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिल्यांदा की (पडद्याचा हिरवा रंग ओळखून तो भाग पारदर्शक करणारी प्रक्रिया) लावली तेव्हा चुडा जवळजवळ नाहीसा झाला. मनगटावर पाटल्या आणि तोडे तेवढे ठसठशीत राहिले आणि त्यांच्या मधल्या बांगड्यांतून समुद्राच्या लाटा दिसू लागल्या. असे का होते हे समजून घेण्यासाठी की मुळात काय करते ते आकड्यांत पाहावे लागते. हिरव्या पडद्याच्या बहुतेक की-साधनांच्या मुळाशी पेट्रो व्लाहोस यांनी रूढ केलेली रंगफरकाची कल्पना आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरवा रंग तांबड्या आणि निळ्यापैकी जो अधिक असेल त्याच्यापेक्षा किती वरचढ आहे ते मोजायचे आणि त्या प्रमाणात तो पिक्सेल पारदर्शक करायचा. माझ्या प्लेटमध्ये पडद्याचा तांबडा ०.१२, हिरवा ०.४५ आणि निळा ०.१५ होता, म्हणजे फरक ०.३०. त्वचेत तांबडा रंगच सर्वांत जास्त असल्यामुळे हा फरक उणे येतो आणि त्वचा पूर्ण अपारदर्शक राहते. बांगडीचे आकडे मात्र ०.०४, ०.२६ आणि ०.०८ असे होते. तिथे फरक ०.१८ भरतो आणि ०.३० हा पूर्ण पारदर्शकतेचा मापदंड धरल्यास बांगडी साठ टक्के पारदर्शक ठरते. साधनाने आपले काम चोख केले होते. समोर बांगडी आहे हे त्याला माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

पुढचा धक्का स्पिल काढताना बसला. पडद्यावरून उसळलेला हिरवा प्रकाश गालाच्या कडेवर, जरीच्या काठावर आणि मोकळ्या केसांवर पडतो आणि तो काढावाच लागतो. त्यासाठीचा नेहमीचा सोपा नियम असा, की हिरवा रंग तांबड्या आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा अधिक असेल तर त्याला त्या सरासरीवर आणून थांबवावे. बांगडीच्या बाबतीत ही सरासरी ०.०६ येते. म्हणजे ०.२६ चा हिरवा एकदम ०.०६ वर उतरतो आणि बांगडी काळपट निळी दिसू लागते. नववधूच्या हातात काळपट बांगड्या दिसणे ही केवळ रंगाची चूक राहत नाही. मराठी प्रेक्षकाला तिथे क्षणात काहीतरी अशुभ जाणवले असते, आणि पटकथेत तसे काही नाही.

मग मी एकाच कीमधून सगळे साधण्याचा हट्ट सोडला आणि मॅटचे, म्हणजे चित्राचा कोणता भाग किती पारदर्शक ते सांगणाऱ्या नकाशाचे, तीन भाग केले. केसांसाठी अगदी हळवी की, जिच्यात एकेक बट टिकते पण अंगात भोके पडतात. अंगासाठी कडक की, जी आतून भरीव असते पण कडेला ओबडधोबड असते, म्हणून ती थोडी आत ओढून घेतली. आणि मनगटासाठी रोटो, म्हणजे फ्रेमगणिक हाताने काढलेले आकार. बांगड्या बारा, फ्रेम ९६, म्हणून प्रत्येक बांगडीचा स्वतंत्र आकार काढण्याच्या विचाराने सुरुवातीला मी धास्तावलो होतो. मात्र एक फ्रेम चारशे टक्के मोठी करून पाहिली तेव्हा ध्यानात आले, की बांगडीचा जो भाग त्वचेच्या पुढून जातो त्याला कडेची गरजच नाही, कारण त्याच्या मागेही तिचाच हात आहे. पडद्याशी खरा संबंध येतो तो मनगटाच्या वर आणि खाली बाहेर डोकावणाऱ्या दोन बारीक चंद्रकोरींचा. बाराच्या बारा बांगड्यांच्या मिळून वरची एक रांग आणि खालची एक रांग, एवढेच आकार मी काढले. मधला सगळा भाग एका सैल आकाराने भरीव करून टाकला आणि त्या आकारात स्पिल काढण्याचा नियम पूर्ण बंद ठेवला.

कोपरापासून मनगटापर्यंतच्या हालचालीला प्लेनर ट्रॅकर (सपाट पृष्ठभागाच्या हालचालीचा माग काढणारे साधन) चांगला चिकटला. तरीही ३८ व्या फ्रेमपासून सगळे बिघडले, कारण हात वर जाताच बांगड्या मनगटावरून खाली कोपराकडे घसरतात आणि एकमेकींवर आपटून दोन फ्रेम थरथरतात. ट्रॅकर त्वचेचा माग काढत होता, काच आपल्या वजनाने निघाली होती. तिथून पुढे ५२ व्या फ्रेमपर्यंत आकार हातानेच हलवले. ते करताना ध्वनिमुद्रण लावून ठेवले होते, आणि बांगड्यांचा किणकिणाट ज्या फ्रेमवर ऐकू येतो त्याच फ्रेमवर आकार थांबायला हवा, ही खूण फार उपयोगी पडली.

आता प्रश्न राहिला आहे तो त्या चंद्रकोरींच्या कडेचा. शटर १८० अंशांचे, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा प्रकाशनकाळ १/४८ सेकंद. हात वेगाने वर जाताना कडा चार-पाच पिक्सेल पसरते. रोटोच्या आकारांना मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) दिला आहे, तरी कुठे ती कडा कापून चिकटवल्यासारखी वाटते तर कुठे तिच्यात पडद्याचा हिरवा उरतो. जाणकारांनी आपले अनुभव सांगावेत.

चौकट२४

उत्तम आणि तपशीलवार लेखन. एक मूलभूत शंका आहे. पात्राच्या हातात हिरवा चुडा असणार हे पटकथेतच ठरलेले असताना चित्रण निळ्या पडद्यासमोर का केले नाही?

पडद्यामागे

शंका रास्त आहे. त्या स्टुडिओत भिंतीपासून जमिनीपर्यंत गोलाईने उतरणारा पडदा कायमचा हिरवा रंगवलेला होता आणि निळे कापड भाड्याने आणून ताणून बसवण्याइतका वेळ त्या दिवशी मिळाला नाही. मी चित्रणस्थळी नव्हतो, पण आठवडाभर आधी पटकथा माझ्या हातात होती आणि तेव्हा मी विचारायला हवे होते, हे मी मान्य करतो.

निळ्या पडद्याचीही काही किंमत मोजावी लागते. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बायर पद्धतीची जाळी असते. तिच्यात निम्मे संवेदक हिरव्याचे आणि पाव-पाव तांबड्या-निळ्याचे असतात. त्यामुळे हिरव्या वाहिनीत (चित्रातील फक्त त्या रंगाच्या आकड्यांत) तपशील जास्त मिळतो आणि निळीत रवा (बारीक कणांची खरखर) अधिक असतो; निळ्या पडद्यावरची केसांची की बहुधा खरखरीत येते. तरीही या शॉटसाठी मी निळाच निवडला असता. केसांची खरखर दुरुस्त करता येते, गेलेला चुडा परत आणताना मात्र तीन आठवडे जातात.

काठपदर

मी वेशभूषेचे काम करते, त्यामुळे थोडे आमच्या बाजूनेही सांगते. दिग्दर्शकांनी "लग्नाचा चुडा" म्हटले की आम्ही कासाराकडून हिरव्या काचेच्याच बांगड्या आणतो. तिथे दुसऱ्या रंगाचा विचार कोणाच्या मनात येत नाही आणि येऊही नये. पण हिरव्यातही छटा असतात. पोपटी, शेवाळी, गडद बाटलीसारखा, या सगळ्या छटांच्या बांगड्या बाजारात मिळतात. पडदा कोणत्या हिरव्याचा आहे ते आदल्या दिवशी कळले असते, तर सर्वांत गडद आणि निळसर झाक असलेला चुडा निवडून पडद्यासमोर धरून पाहता आला असता. तुमच्या आकड्यांवरून मला एवढे समजले, की बांगडी जितकी गडद तितका तो फरक कमी भरतो आणि ती टिकण्याची शक्यता वाढते. हे बरोबर आहे का?

आणखी एक विनंती. चुडा दुरुस्त करताना काचेची चमक पुसू नका. काचेच्या बांगडीवर उजेडाची एक बारीक पांढरी रेघ असते आणि हात फिरला की ती रेघ बांगडीभर धावते. ती गेली तर बांगडी प्लास्टिकची दिसते.

पडद्यामागे

काठपदरताई, अगदी बरोबर. बांगडीचा हिरवा ०.२६ ऐवजी ०.१४ असता आणि बाकीचे दोन रंग त्याच प्रमाणात उतरले असते, तर फरक ०.१० च्या आत राहिला असता आणि की थोडी आवळून चुडा बराचसा वाचवता आला असता. ही गोष्ट वेशभूषाकारांशी बोलून ठरवावी हे माझ्या टिपणवहीत आता पहिल्या पानावर लिहिले आहे. चमकेची रेघ मूळ प्लेटमधूनच येते, तिला हात लावलेला नाही.

मूकपट

या निमित्ताने थोडा इतिहास नोंदवतो, कारण आपण ज्याला मॅट म्हणतो ती कल्पना संगणकापेक्षा फार जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ मध्येच काळ्या पार्श्वभूमीसमोर चित्रण करून, फिल्म मागे गुंडाळून, त्याच पट्टीवर पुन्हा चित्रण करून एकाच माणसाची अनेक डोकी एका चौकटीत दाखवली होती. काळ्या मखमलीवरून प्रकाश परतत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो आणि पुढच्या प्रकाशनासाठी उपलब्ध असतो. पारदर्शकतेची ही एक आरंभीची व्यवस्था होती. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन चित्रित केली आणि पुढे आपल्या पौराणिक चित्रपटांत दुहेरी प्रकाशनासारख्या युक्त्या मुक्तपणे वापरल्या. त्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये यमुनेच्या पाण्याखालचे कृष्ण आणि कालियाचे युद्ध आहे, ते आजही पाहायला मिळते आणि कम्पोझिटिंग शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने ते फ्रेम-फ्रेम थांबवून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

काळ्या मखमलीची जागा संख्येने घेतली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एड कॅटमुल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी तांबडा, हिरवा, निळा या तीन वाहिन्यांच्या जोडीला पारदर्शकतेची चौथी वाहिनी चित्रातच साठवण्याची कल्पना मांडली आणि तिला अल्फा हे नाव मिळाले. १९८४ मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी दोन चित्रे एकावर एक ठेवण्याचे गणित व्यवस्थित लिहून काढले. आज कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आपण एक थर दुसऱ्यावर ठेवतो तेव्हा तेच गणित चालते.

खारेवारे

मी रत्नागिरीत राहतो आणि वर्षभरापासून घरीच शिकत आहे. माझी अडचण अगदी प्राथमिक आहे, पण तिच्यावर कुठेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मी बहिणीचे चित्रण हिरव्या चादरीसमोर केले. तिचा पदर पांढरा आहे आणि मागे उजळ आकाश लावले आहे. की स्वच्छ आली आहे, तरी पदराच्या कडेने सगळीकडे एक काळी रेघ दिसते. मॅट आत ओढली तर पदराची झालर कापली जाते. पदरही उजळ, आकाशही उजळ, मग मध्ये काळे येते कुठून?

पडद्यामागे

शंका प्राथमिक नाही. अनेक वर्षे काम केलेली माणसेही या ठिकाणी अडखळतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पदराच्या अगदी कडेचा एक पिक्सेल घ्या, ज्याचा अर्धा भाग पदराने व्यापला आहे. त्याचा अल्फा ०.५. पदराचा रंग १.० म्हणजे पूर्ण पांढरा आणि आकाश ०.८ असे धरू. पोर्टर आणि डफ यांच्या पद्धतीत पुढच्या चित्राचा रंग आधीच अल्फाने गुणून ठेवलेला असतो. म्हणून त्या पिक्सेलमध्ये १.० ऐवजी ०.५ लिहिलेले असते. मग पुढचा रंग अधिक मागचा रंग गुणिले एक वजा अल्फा, असे केले की ०.५ अधिक ०.४ म्हणजे ०.९ येते. पांढरा आणि आकाश यांच्या बरोबर मधला रंग मिळाला, कड दिसणार नाही. आता समजा, सॉफ्टवेअरला हे चित्र आधीच गुणलेले आहे हे ठाऊक नाही आणि त्याने ते पुन्हा एकदा गुणले. ०.५ चे ०.२५ झाले, आणि बेरीज आली ०.६५. हा आकडा पदरापेक्षाही काळा आहे आणि आकाशापेक्षाही. हीच तुमची काळी रेघ. की कितीही बदललीत तरी ती जाणार नाही, कारण दोष कीमध्ये नाही.

आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये फुटेजच्या अर्थनिर्देशनात अल्फा सरळ आहे की गुणलेला, हे सांगण्याची सोय असते. तिथे अंदाजाचे बटण दाबून मोकळे होऊ नये, स्वतः पाहून ठरवावे. न्यूक या सॉफ्टवेअरमध्ये गुणण्याचे आणि भागण्याचे स्वतंत्र नोड (एकेका क्रियेचे, एकमेकांना जोडायचे ठोकळे) आहेत, फ्यूजनमध्ये आणि ब्लेंडरमध्येही तशी साधने आहेत. रंगदुरुस्ती करताना नेहमीचा क्रम असा ठेवावा, की आधी अल्फाने भागावे, मग रंग बदलावा, मग पुन्हा गुणावे. तसे न करता उजळपणात नुसते ०.१ मिळवले, तर जिथे अल्फा शून्य आहे तिथेही ०.१ येऊन बसतो आणि साऱ्या चित्राभोवती धुरकट चौकट उमटते.

दुसरे कारण गॅमाचे, म्हणजे खरा प्रकाश आणि साठवलेला आकडा यांच्या नात्याचे, असू शकते. पडद्यावर पाहण्यासाठी साठवलेले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. पांढरा २५५ आणि काळा ० यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साध्या सरासरीने १२८ येते, मात्र खऱ्या प्रकाशाचे निम्मे मिश्रण सामान्य संगणकीय रंगव्यवस्थेत १८८ च्या जवळ असते. कडा मिसळण्याचे काम एकरेषीय प्रकाशमापनात (जिथे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात असतात) केले नाही तर कड असायला हवी त्यापेक्षा बरीच काळी येते. न्यूकमध्ये चित्र वाचतानाच हे रूपांतर होते. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रकल्पाच्या रंगविषयक सेटिंगमध्ये १.० गॅमाने रंग मिसळण्याचा पर्याय आहे, तो सुरू करून आधी फरक पाहा.

खारेवारे

पहिलेच कारण निघाले. अल्फाचा अर्थनिर्देश बदलला आणि रेघ एका क्षणात गेली. गेले चार महिने मी ही रेघ मॅट आत ओढून लपवत होतो. मनापासून आभार.

आणखी एक विचारतो. माझ्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम आहे आणि दर महिन्याचे भाडे भरून सॉफ्टवेअर घेणे परवडत नाही. शिकण्यासाठी काय वापरावे? थरांची पद्धत चांगली की नोडची?

चौकट२४

यावर थोडक्यात लिहितो. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन अंतर्भूत आहे, ब्लेंडर पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे, आणि न्यूकची शिकणाऱ्यांसाठीची बिगर-व्यावसायिक आवृत्ती १९२० गुणिले १०८० पर्यंतचे चित्र काढू देते. आठ जीबीमध्ये काम करताना मूळ फुटेजऐवजी निम्म्या आकाराची प्रतिकृती वापरा आणि जो भाग पक्का झाला तो चित्रमालिका म्हणून काढून परत आत घ्या.

मोशन ग्राफिक्स, शीर्षके, तक्ते, म्हणजे जिथे काळाच्या पट्टीवर अनेक गोष्टी एकामागून एक यायच्या आहेत, तिथे थरांची पद्धत सोयीची पडते. जिथे एकाच प्लेटचे पाच भाग करून, प्रत्येकावर वेगळे संस्कार करून, पुन्हा एकत्र आणायचे आहेत, तिथे नोडचा वृक्ष कोणता पाट कुठून निघून कुठे मिळाला ते डोळ्यांसमोर ठेवतो. धागाकर्त्यांनी सांगितलेली तीन भागांची मॅट थरांमध्येही करता येईल, पण पंधरा दिवसांनी ती स्वतःलाच उलगडणार नाही. सॉफ्टवेअरबद्दल भावनिक होऊ नये, हेही सांगतो. शेक नावाचे सॉफ्टवेअर एके काळी मोठमोठ्या चित्रपटांसाठी वापरले जात होते. अॅपलने ते २००२ मध्ये विकत घेतले आणि २००९ मध्ये बंद केले. त्यावर शिकलेल्यांचे अल्फाचे गणित मात्र न्यूकमध्ये जसेच्या तसे कामी आले.

शिरोरेषा

मी मराठी वाहिन्यांसाठी शीर्षके आणि पट्ट्या तयार करते. वरची अल्फाची चर्चा वाचताना माझ्या एका जुन्या अडचणीचे मूळ सापडले, म्हणून लिहीत आहे.

देवनागरी शीर्षक अक्षरागणिक उमलत आणायचे असेल तर पहिली अडचण साठवणीच्या क्रमाची येते. "मूर्ती" हा शब्द संगणकात म, ऊकार, र, हलन्त, त, ईकार या क्रमाने साठवलेला असतो. टंकलेखनाचा परिणाम लावला की आधी "मूर" असा पूर्ण र दिसतो आणि पुढच्या क्षणी तोच र उडी मारून त च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. "किनारा" लिहिताना क आधी येतो आणि ऱ्हस्व इकार आला की उजवीकडे ढकलला जातो. पाहणाऱ्याला हे अडखळल्यासारखे वाटते. आफ्टर इफेक्ट्समध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचे मजकूर-इंजिन निवडले तर जोडाक्षरे नीट जुळतात, पण अक्षरनिहाय अॅनिमेशनमध्ये काने-मात्रे सुटे होण्याचा अनुभव मला तरीही आला आहे. त्यामुळे मी मजकुराच्या रेखाकृती करून घेते आणि "मू" हा एक गट, "र्ती" हा दुसरा गट, अशी उच्चारानुसार हातानेच बांधणी करते. वेळ लागतो, पण मराठी वाचणारा डोळा अक्षर उच्चाराप्रमाणेच वाचतो.

दुसरी अडचण शिरोरेषेची. शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणूनच ती सलग दिसते. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे पन्नास टक्के पारदर्शक केले की जोडावर ठिपके उमटतात. आज त्याचे गणित कळले. ०.५ वर ०.५ ठेवले की अल्फा ०.७५ होतो, आणि ती गाठ उरलेल्या रेषेपेक्षा गडद दिसते. यावर मी करते ते असे, की अक्षरे पूर्ण अपारदर्शकच ठेवते, ती सगळी एकत्र मिसळून घेते आणि मग त्या एकत्रित चित्राला एकदाच पारदर्शकता देते. कधी शिरोरेषा वेगळी काढून आधी डावीकडून उजवीकडे ओढते आणि अक्षरे तिला खाली लटकत येऊ देते. हातांनी पाटीवर लिहिताना आपण रेघ शेवटी मारतो, तरीही पडद्यावर हा उलटा क्रम डोळ्याला फार सुखावतो.

ल आणि श यांची मराठी वळणे मिळत आहेत का, हेही तपासावे. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले नाही तर हिंदी वळणाचा ल पडद्यावर येतो. मराठी चित्रपटाचे नाव मराठी वळणातच यायला हवे, याबाबतीत मी तडजोड करीत नाही.

सावली

धागाकर्त्यांना एक निरीक्षण कळवतो. तुम्ही बांगड्यांच्या चंद्रकोरींची कड कापल्यासारखी वाटते असे म्हटले आहे. आकाराचे आणि ब्लरचे सगळे उपाय तुम्ही केलेले दिसतात. मला शंका येते ती काचेची. काचेची बांगडी तिच्या कडेला पातळ असते आणि तिच्यातून मागचा उजेड आत येतो. स्टुडिओत तिच्या मागे हिरवा पडदा होता, म्हणून तुमच्या चंद्रकोरींमध्ये पडद्याचाच प्रकाश साठलेला आहे. नव्या चित्रात तिच्या मागे संध्याकाळचा समुद्र आहे. तो उजेड त्या काचेत दिसत नसेल तर कड कितीही मऊ केली तरी बांगडी त्या जागेची वाटणार नाही.

शिवाय सूर्य गुहागरच्या प्लेटमध्ये कोणत्या बाजूला आहे आणि स्टुडिओतला मुख्य दिवा कोणत्या बाजूला होता, हे कृपया सांगावे.

पडद्यामागे

सावली, तुमच्या निरीक्षणाने माझे तीन दिवस वाचवले. सूर्य उजवीकडे आहे आणि स्टुडिओतला मुख्य दिवाही सुदैवाने उजवीकडेच होता, फक्त तो बराच वर होता. मावळतीचा उजेड आडवा येतो, त्यामुळे हनुवटीखालची सावली थोडी उजळवावी लागली.

काचेबाबत केले ते असे. आधी चंद्रकोरींपुरती एक वेगळी मॅट घेतली आणि तिच्यातील हिरवा पूर्ण न काढता ०.२६ वरून ०.१९ पर्यंतच उतरवला, म्हणजे पडद्याचा वाटा गेला आणि बांगडीचा स्वतःचा रंग राहिला. मग मागच्या समुद्राची प्लेट पंधरा पिक्सेलने धूसर करून, बांगडीच्या रंगाने गुणून, त्या मॅटमधून बारा टक्के मिळवली. बांगडीच्या रंगाने गुणणे आवश्यक होते, कारण हिरव्या काचेतून आलेला तांबूस उजेड तांबूस राहत नाही, हिरवट सोनेरी होतो. शेवटी रवा. धूसर केलेल्या प्लेटमधला रवा पुसला गेला होता, तो प्रत्येक वाहिनीत वेगवेगळ्या प्रमाणात, निळीत सर्वांत जास्त, परत घातला.

आज दुपारी ९६ फ्रेम काढून मोठ्या पडद्यावर पाहिल्या. ३८ ते ५२ या फ्रेममध्ये बांगड्या घसरतात तेव्हा खालच्या रांगेच्या कडेवर समुद्राचा उजेड एकदा लकाकून जातो. ६१ व्या फ्रेमवर दोन बांगड्यांच्या मधल्या फटीत अजून पडद्याचा हिरवा एक पिक्सेलभर उरला आहे. ती फ्रेम आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या तीन-तीन फ्रेम रात्री हाताने पुसून उद्या सकाळी शॉट दिग्दर्शकांकडे पाठवतो. काठपदरताई, चमकेची रेघ शाबूत आहे.